सर बदलले की नेमकं काय जातं?

एखादी मोठी स्पर्धा संपली की महिना-दोन महिन्यांत एक बातमी हमखास येते: अमुक खेळाडूने प्रशिक्षक बदलला. लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, तोचतोचपणा आला होता. दुसरा म्हणतो, ज्यांनी घडवलं त्यांनाच सोडलं. हाच वाद लहान आकारात घरोघरी चालू असतो. मुलाचा क्लास बदलायचा का? पोहण्याचे सर फार रागावतात, तर थांबायचं का? शाळेत दर वर्षी बाई बदलतात, त्याने काही बिघडतं का?

या वादात एका बाजूला निष्ठा असते, दुसऱ्या बाजूला नव्याची ओढ, आणि हिशेब कुणीच मांडत नाही. मला तो हिशेबच जास्त रंजक वाटतो. एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं शिकल्यावर जमा काय होतं? तो माणूस बदलला की त्यातलं काय नव्या माणसाच्या हाती लागतं आणि काय वाटेतच सांडतं? मी बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील. ‘गुरू’ या शब्दाभोवतीची आरती मात्र आपण बाजूला ठेवू. तिच्यामुळे हा विषय कळायला सोपा न होता अवघडच होतो.

सातत्य म्हणजे नेमकं कशाचं?

या प्रश्नावर शिक्षणापेक्षा वैद्यकीय क्षेत्रात जास्त खोलात विचार झाला आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००३ साली आलेल्या एका लेखात सातत्याचे तीन प्रकार केले होते: माहितीचं, आराखड्याचं आणि नात्याचं. माहितीचं सातत्य म्हणजे तुमची फाइल पुढच्या डॉक्टरकडे जाणं. आराखड्याचं म्हणजे डॉक्टर बदलला तरी उपचाराची दिशा न बदलणं. आणि नात्याचं म्हणजे समोर तोच माणूस असणं.

शिंप्याचं उदाहरण घ्या. त्याच्या वहीत तुमची मापं असतात. ती वही दुसऱ्या शिंप्याला दिली, तर तो मापाबरहुकूम कपडा शिवून देईल. पण तुमचा उजवा खांदा किंचित उतरलेला आहे, माप देताना तुम्ही पोट आत ओढून धरता आणि ‘जरा सैल ठेवा’ असं म्हणत असलात तरी घट्ट कपडाच तुम्हाला आवडतो, हे वहीत कुठेच नसतं. ते जुन्या शिंप्याच्या डोक्यात असतं, आणि त्यालाही विचारलंत तर धड सांगता येणार नाही. कात्री चालवताना त्याचा हात ते आपोआप धरून चालतो.

शिक्षक बदलताना आपण समजतो की मापांची वही पुढे गेली म्हणजे झालं. गुणपत्रिका जाते, ‘इथवर पोर्शन झालाय’ हा निरोप जातो. तिसरा प्रकार, नात्याचा, तो मात्र जागच्या जागी राहतो.

मान भरभर हलली की समजावं, कळलेलं नाही

माझ्याकडे एक मुलगी सातवीपासून यायची. एखादी गोष्ट कळली की ती एकदाच, सावकाश मान हलवायची. कळली नाही की भरभर, तीन-चार वेळा, आणि वर ‘हो ताई, हो हो’. हे माझ्या लक्षात यायला सात-आठ महिने गेले. तोवर तिचं प्रत्येक ‘हो हो’ मी खरं धरत होते आणि पुढचं उदाहरण घालत होते. परीक्षेत अपूर्णांकांवर गुण गेले तेव्हा मी चक्रावले. वर्गात तर तिला सगळं येत होतं!

नंतर सोपं झालं. मान भरभर हलली की मी काही न विचारता खडू तिच्या हातात द्यायची. तिला फळ्यावर दोन ओळी लिहाव्या लागायच्या आणि कुठे अडलंय ते त्या दोन ओळींतच दिसायचं. आमच्यात याबद्दल कधी बोलणं झालं नाही.

आता समजा, आठवीत तिला दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असतं. तो शिक्षक माझ्यापेक्षा चांगला असता तरी त्याचेही सात-आठ महिने त्या मानेत गेले असते. कदाचित कमी गेले असते, कारण काही माणसं हे पटकन ओळखतात. पण शून्य नक्कीच नाही.

लेव्ह वायगॉट्स्की नावाचे एक रशियन मानसशास्त्रज्ञ होते. १९३४ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी ते वारले. त्यांची एक कल्पना आजही शिक्षकांना शिकवली जाते. मुलाला आज एकट्याने जे जमतं आणि कुणी हात धरला तर जे जमू शकतं, त्या दोहोंमध्ये एक पट्टा असतो, आणि शिकवणं त्या पट्ट्यात व्हायला हवं. त्याच्या अलीकडे शिकवलं तर मूल कंटाळतं, पलीकडे शिकवलं तर बावरतं. हे ऐकायला सरळ आहे. अडचण अशी की तो पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो, दर आठवड्याला सरकतो आणि परीक्षेच्या गुणांवरून तो जेमतेमच कळतो. तो कळतो सहवासाने, आणि वेळ लागतो तो तिथेच.

हे मोजून पाहिलंय का कुणी?

पाहिलंय, आणि निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायचे तर ते थोडे निराश करणारे, पण थोडे बोलकेही आहेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या प्राथमिक शाळांच्या नोंदी दोन अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वरच्या इयत्तेत गेल्यावर योगायोगाने पुन्हा तोच शिक्षक मिळालेल्या मुलांचे गुण थोडेसे जास्त वाढले होते. थोडेसेच, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतपत. टेनेसी राज्यातल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही तसंच दिसलं, आणि आणखी एक गोष्ट दिसली: अशा मुलांची गैरहजेरी आणि बेशिस्तीसाठी होणाऱ्या शिक्षाही कमी झाल्या होत्या. मला गुणांपेक्षा हा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्याला ओळखणारं माणूस वर्गात असेल तर मूल दांडी मारताना दोनदा विचार करतं, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल.

सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग ह्यूस्टन शहरात झाला. २०१३-१४ पासून तिथल्या ५० प्राथमिक शाळा त्यात होत्या. कोणत्या शाळांत बदल करायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. बदल असा: एकाच शिक्षकाने एका वर्गाला सगळे विषय शिकवण्याऐवजी प्रत्येकाने आपला हातखंडा असलेला विषयच शिकवायचा. गणितात चांगल्या बाई सगळ्यांना गणित शिकवतील, भाषेत चांगले सर भाषा. कारखान्यात कामाची अशी विभागणी केली की उत्पादन वाढतं, मग शाळेत का नाही वाढणार?

वाढलं तर नाहीच, उलट घटलं. गणित आणि वाचन मिळून वर्षाला ०.११ ‘प्रमाण विचलन’ इतकी घट झाली. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल साधारण चार जागा मागे सरकलं. प्रयोग करणाऱ्या अर्थतज्ज्ञाने लावलेला अर्थ असा: शिक्षक आपापल्या विषयात सरस होते, पण प्रत्येकाच्या हाताखालच्या मुलांची संख्या वाढली आणि एकेका मुलाशी येणारा संबंध कमी झाला. विषयाच्या जाणकारीने जे कमावलं, त्याहून जास्त मुलाच्या ओळखीअभावी गमावलं.

न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या वर्गांचा आठ वर्षांचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तेत शिक्षकांची ये-जा जास्त, तिथल्या मुलांचे गुण कमी. आणि हे ज्यांचे स्वतःचे शिक्षक टिकून होते त्यांच्याही बाबतीत. म्हणजे शेजारच्या वर्गातली बाई नोकरी सोडून गेली तर तुमच्या वर्गालाही झळ लागते. नव्या माणसाला सगळं समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो, जमलेल्या सवयी मोडतात.

हे सगळे परिणाम लहान आहेत हे विसरू नका. ‘एकच शिक्षक ठेवा, मूल पहिलं येईल’ असं यातून निघत नाही.

टोचून बोलण्याचा परवाना

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकरने निवृत्तीचं भाषण केलं. त्यात रमाकांत आचरेकर सरांबद्दल त्याने जे सांगितलं ते पुष्कळांना आठवत असेल: गेल्या २९ वर्षांत सर एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, कारण मी निर्धास्त होईन असं त्यांना वाटायचं.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण जरा उलटून पाहा. काल रुजू झालेल्या प्रशिक्षकाने शतक ठोकलेल्या खेळाडूला वर्षभर एक चांगला शब्द दिला नाही, तर खेळाडू काय समजेल? याला मी नको आहे, एवढंच. आचरेकरांच्या मौनाचा अर्थ ‘अजून पुढे जायचंय’ असा लागत होता, कारण त्यामागे अकराव्या वर्षापासूनची मैदानं आणि सामने होते. शब्द असो वा मौन, त्याचा अर्थ मागच्या इतिहासावरून लागतो. इतिहास नसेल तर समोरचा सगळ्यात वाईट अर्थ काढून मोकळा होतो.

(कधीच कौतुक करू नये असं मी म्हणत नाही. माझ्या मते बहुतेक मुलं त्याने कोमेजतील.)

विश्वासाचं हे नातं म्हणजे नुसतं एकमेकांना आवडणं नव्हे. मानसोपचाराच्या क्षेत्रात एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली त्याची फोड करून दाखवली होती. उपचार करणारा आणि घेणारा यांचं कुठे पोहोचायचं यावर एकमत हवं, त्यासाठी काय करायचं यावर हवं, आणि तिसरा आपसातला जिव्हाळा. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर नुसत्या जिव्हाळ्याने दोघं वर्षानुवर्षं गप्पा मारत बसतात. अशा शिकवण्या मी पाहिल्या आहेत. मूल खूश, पालक खूश, प्रगती शून्य.

दहा वर्षांनी फळ देणारं काम कोण करील?

दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्समध्ये आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिचे तळपाय सपाट होते. उडी मारून उतरण्यावरच सगळा डोलारा असलेल्या खेळात हा मोठाच अडथळा. तिचे प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी आधी त्या पावलांवरच मेहनत घेतली. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली. कांस्यपदक हुकलं ते ०.१५ गुणांनी.

सहा वर्षांच्या मुलीच्या पावलांची कमान घडवणं म्हणजे पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत काहीही न देणारं काम. एका हंगामाच्या करारावर आलेला प्रशिक्षक ते का करील? वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. त्याला हंगामाच्या शेवटी निकाल दाखवायचा असतो, म्हणून तो तात्पुरती डागडुजी करतो. भाडेकरू भिंतीला रंग देतो, पाया खणत नाही. शिकवणीतही तेच. एका वर्षासाठी आलेल्या मुलाचा पाढे-अपूर्णांकांचा पाया कच्चा आहे हे दिसत असूनही मी त्याला वार्षिक परीक्षेपुरतं तयार करून पाठवलंय. पुढची तीन वर्षं तो माझ्याकडे असता तर पहिले दोन महिने मी पुस्तक उघडलंच नसतं.

शिकवणाराही शिकतो, पण थांबला तर

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सातवीच्या मुलांना ऋण संख्या शिकवताना मी एक युक्ती सांगायची: ‘दोन वजा शेजारी आले की अधिक.’ मुलं खूश व्हायची. ५ − (−३) आलं की झटक्यात ८. परीक्षेत पैकीच्या पैकी. ही युक्ती मी किती वर्षं वापरली असेन, देव जाणे.

मग तीच मुलगी, मान हलवणारी, नववीत एका समीकरणात अडली. तिची वही घेऊन मी ओळीओळीने वर चढत गेले. तिसऱ्या ओळीत −३ − ५ होतं आणि त्यापुढे तिने लिहिलं होतं ८. शाईच्या पेनाने, न अडखळता. मी विचारलं, हे कसं आलं? ती म्हणाली, ‘दोन वजा आहेत ना ताई, मग अधिक.’

चूक तिची नव्हती. मी दोन वर्षांपूर्वी दिलेलं वाक्य तिने जपून ठेवलं होतं. ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात एक होता, तिच्या डोक्यात दुसरा. संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे तीन पावलं आणि आणखी पाच पावलं चालली असती तर ती −८ वर पोहोचली असती. पण घाईत मी रेषा गाळून युक्ती दिली होती.

ती आठवीतच माझ्याकडून गेली असती तर हा आकडा कुणी दुसऱ्याने पाहिला असता, ‘आधी कुणी शिकवलंय हिला’ म्हणून कपाळाला हात लावला असता, आणि मी पुढच्या प्रत्येक बॅचला तीच युक्ती आनंदाने देत राहिले असते. गुणपत्रिकेनुसार माझं सगळं उत्तम चाललं होतं. एका वर्षाच्या शिक्षकाला आपल्या पेरणीचं पीक दिसतच नाही. चांगलं आलं तरी दिसत नाही आणि कीड लागली तरी नाही.

या गोष्टीला ‘अभिप्रायाचं चक्र’ म्हणतात: केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्याकडे परत येणं. स्वयंपाक करणारा स्वतः जेवत नसेल तर मीठ कमी आहे हे त्याला कधीच कळणार नाही. शिक्षणात हे चक्र फार लांब असतं. आज शिकवलेल्याचा खरा परिणाम दोन-तीन वर्षांनी उघडा पडतो, आणि दर वर्षी माणसं बदलण्याची आपली पद्धत ते चक्र मध्येच कापते. १९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांत परंपरेने एकच वर्गशिक्षक पहिली ते आठवी मुलांबरोबर चालतो. त्या शाळांच्या इतर पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण एवढी एक जरूर पटते.

‘पण नवा प्रशिक्षक आला की खेळ सुधारतोच की!’

सुधारतो, खरं आहे. फुटबॉलमध्ये तर हे इतक्यांदा दिसतं की सलग चार सामने हरले की मालक प्रशिक्षकाला घरी पाठवतात, आणि पाचव्या-सहाव्या सामन्यात संघ जिंकू लागतो.

बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचे निकाल घेऊन यातली गोम शोधली. प्रशिक्षक काढलेल्या संघांची तुलना त्याने अशा संघांशी केली, जे तितकेच घसरले होते पण ज्यांनी प्रशिक्षक ठेवला होता. दोन्ही गट सारखेच सावरले. खेळ सुधारला होता, पण त्यासाठी प्रशिक्षक बदलायची गरज नव्हती.

ताप चढला की आपण डॉक्टर बदलतो. कमी असताना कोण बदलतं? आता सगळ्यात वर चढलेला ताप बहुतेकदा उतरणारच असतो, आणि श्रेय जातं नव्या डॉक्टरला. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. मुलाचे गुण घसरले की क्लास बदलणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं. पुढच्या चाचणीत गुण वाढतील, पण जुन्या क्लासमध्ये राहून वाढले असते की नाही हे आता कधीच कळणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही तितकंच कडक राहायला हवं. सातत्याचे पुरस्कर्ते दोन नावं हमखास घेतात. अमेरिकी जलतरणपटू मायकल फेल्प्स अकरा वर्षांचा असल्यापासून बॉब बोमन यांच्याकडे शिकला आणि त्याने २८ ऑलिंपिक पदकं मिळवली. फुटबॉल प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबमध्ये आले, लीगचं पहिलं विजेतेपद १९९३ मध्ये, तरी क्लबने धीर धरला. छान गोष्टी आहेत, पण त्यांनी सिद्ध काही होत नाही. एकाच प्रशिक्षकाकडे पंधरा वर्षं राहून कुठेच न पोहोचलेल्या हजारोंची नावं आपल्याला माहीत नसतात.

आणि बदल खरोखरच उपयोगी पडल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला लहानपणापासून एमी बोरमन यांनी घडवलं ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत. मग ती लॉरां आणि सेसिल लांडी या दांपत्याकडे गेली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं घेऊन आली. नीरज चोप्रा क्लाउस बार्टोनिएत्झ यांच्या हाताखाली ऑलिंपिक आणि जागतिक विजेता झाला, पण त्याचा भाला ८९.९४ मीटरवर अडकून होता. २०२५ च्या मोसमापासून यान झेलेझ्नी त्याचे प्रशिक्षक झाले आणि त्या मे महिन्यात दोह्यात भाला ९०.२३ मीटर गेला. हे वाढलेले २९ सेंटिमीटर कुणाच्या खात्यात टाकायचे? नव्या नजरेच्या की आधीच्या पाच वर्षांच्या मशागतीच्या? मला वाटतं, दोघांच्याही. पाया तयार असलेल्या, वयाने मोठ्या खेळाडूला नवी नजर फायद्याची ठरते. पाया घातला जात असताना तीच नजर अनेकदा काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

‘आणि शिक्षकच वाईट असेल तर?’

तर सातत्य हे संकट आहे. एक वर्षाचं नुकसान तीन वर्षांचं होतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट निघाली होती: पुन्हा तीच मुलं मिळाल्याचा फायदा एरवी कमी प्रभावी असलेल्या शिक्षकांच्या वर्गात जास्त दिसला. सामान्य शिक्षकाला ओळखीचा आधार मिळतो, असा त्याचा अर्थ. पण सामान्य वेगळा आणि वाईट वेगळा.

वाईटाच्याही आधी एक सौम्य आजार असतो, तो म्हणजे शिक्का. ‘हा आळशी’, ‘हिला भूमिती जमत नाही.’ सहावीत बसलेला शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही, कारण पुसणारं दुसरं कुणी नसतं. फार ओळख झाली की आपण माणसाकडे बघणं थांबवतो आणि आठवणीतल्या माणसाला शिकवत राहतो. नवा शिक्षक तेवढ्यापुरता तरी कोरी पाटी घेऊन येतो.

आणि मग गंभीर आजार. प्रशिक्षकाच्या हाती निवड, वेळापत्रक, शिफारस असं सगळं असतं आणि वर्षं जातात तसतशी ही सत्ता वाढते. मुलाला एकट्याला भेटण्याचा आग्रह, आईवडिलांपासून काही लपवायला सांगणं, दुसऱ्या कुणाचा सल्ला घेतला की रुसवा, ‘माझ्याशिवाय तू काहीच नाहीस’ ही भाषा: यातलं काहीही दिसलं तर या लेखातलं एकही वाक्य ऐकू नका. तिथून बाहेर पडा. निष्ठेच्या नावाखाली गप्प बसण्यासारखं यात काही नाही.

‘म्हणजे शेवटपर्यंत एकच माणूस?’

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणिती आणि मेंदूविषयक संशोधक अशा १२० अव्वल माणसांचा अभ्यास करून १९८५ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने वेगळे शिक्षक होते. पहिला बहुधा मायाळू, शेजारपाजारचा, ज्याच्यामुळे गोडी लागली. दुसरा शिस्तीचा, तंत्र पक्कं करणारा. तिसरा त्या क्षेत्रातला उस्ताद.

म्हणजे बदल होता, पण टप्पा संपल्यावर. एका टप्प्याच्या आत मात्र वर्षानुवर्षांची सोबत होती. ‘किती वर्षं राहावं’ यापेक्षा ‘हा टप्पा संपला का’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. शिक्षक स्वतः ‘माझ्याकडचं संपलं, आता तू अमक्याकडे जा’ म्हणत असेल तर त्याच्यासारखा माणूस नाही. निकाल पडल्याच्या रागात बदलणं आणि टप्पा संपल्यावर बदलणं, दोन्हीला बातमीत ‘प्रशिक्षक बदलला’ असंच म्हणतात.

बदलणं भागच असेल तर

बदल्या होतात, माणसं निवृत्त होतात, कुटुंबं गावं बदलतात. अशा वेळी पहिली दोन सातत्यं, माहितीचं आणि आराखड्याचं, तरी वाचवता येतात. त्यासाठी गुणपत्रिका पुरत नाही. जुन्या आणि नव्या माणसाने दोन-चार तास एकत्र घेतले तर पानभर अहवालापेक्षा जास्त काम होतं, कारण जुन्याला जे शब्दांत सांगता येत नाही ते नव्याला समोर घडताना दिसतं. ते जमत नसेल तर निदान तीन ओळी लिहून द्याव्यात: कुठे अडतं, अडलं की कसं दिसतं, आणि मी काय करून पाहिलं जे चाललं नाही. तिसरी ओळ कुणीच लिहीत नाही, कारण ती लिहायला लाज वाटते.

त्या मुलीला दहावीला मी माझ्या एका मैत्रिणीकडे पाठवलं. माझ्या तब्येतीमुळे मला शिकवण्या थांबवाव्या लागल्या होत्या. चिठ्ठीवर मी तीन ओळी लिहिल्या. पहिली ऋण संख्यांबद्दल, माझ्या युक्तीच्या कबुलीसकट. दुसरी: ‘मान भरभर हलली की थांब, तिला कळलेलं नसतं.’ तिसरी: ‘सगळ्यांदेखत विचारू नकोस, मिटून जाते.’

महिन्याभराने मैत्रिणीचा फोन आला. ऋण संख्यांचं तिने संख्यारेषेवरून पुन्हा करून घेतलं होतं. मग म्हणाली, ‘ते मानेचं मात्र मला काही दिसलं नाही गं. माझ्याकडे ती सरळ हात वर करते आणि सगळ्यांसमोर सांगते, कळलं नाही म्हणून.’